किती पडले?

पालकसभेत मॅडमनी बजावलं होतं, "मूल घरी आलं की आधी मार्क विचारू नका. दिवस कसा गेला ते विचारा."

दहावीतल्या ईश्वरीला आज गणिताचा तपासलेला पेपर मिळणार होता. सुवर्णा चार वाजल्यापासून दारात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. एकच जुडी तिने तीनदा सोडून बांधली. टोमॅटोची गाडी घेऊन पंचवटीच्या मार्केटला गेलेला नवरा अजून यायचा होता.

ईश्वरीची सायकल आली. ओठांवर आलेलं 'किती पडले?' सुवर्णानं गिळलं. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दमलीस का गं बाळा? कसा गेला आजचा दिवस?"

ईश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला. दप्तर खांद्यावरून खाली घसरलं.

"आई, खरं सांग. पप्पांची गाडी कुठे ठोकली?"