डोंगरापलीकडचं गाणं

दर रविवारी कॉलेजच्या रेडिओवर मी तबकड्या निवडायला बसलो की ऑर्फामावशीचा फोन येई. गावाबाहेरच्या तुरुंगात रेडिओला कान लावून बसलेल्या तिच्या लेकासाठी ती फिडलवरचं हळवं गाणं मागे. आज म्हणाली, “फिडल नको, बाळा. त्याला डोंगरापलीकडच्या तुरुंगात हलवलंय. ड्रम बडवणारं काहीतरी निवड.” “मावशी, आपलं स्टेशन एवढंसं. डोंगर ओलांडत नाही ते.” “म्हणून तर ड्रम म्हणते. कॉलेजात शिकतोस, एवढं कळेना? गाणं नाही आलं, तर आईनं टाकलं म्हणेल तो.” सगळ्यांत दणदणीत तबकडी काढून मी सुई टेकवली. गाणं संपताच फोन वाजला. “माझी भांडी हादरली रे,” ती हसून म्हणाली, “अर्ध्या डोंगरापर्यंत नक्की गेलं. आता याहून मोठं लाव.” फडताळातल्या तबकड्या उपसत मी आणखी मोठं गाणं शोधत राहिलो.