काळं बटण

ड्रॅगनांच्या त्या सातखंडी कादंबरीचे भक्त दर रविवारी टेलरताईंच्या दुकानात जमत. आधी राणीच्या सावत्र भावावरून यथेच्छ भांडण, मग गद्दार ओळखायचा खेळ. ताई बटणांचा डबा फिरवत आणि प्रत्येक जण न बघता एक उचले. पांढरं आलं तर निष्ठावान, एकुलतं एक काळं आलं तर गद्दार. खेळ संपेपर्यंत मूठ उघडायची नाही.

या वेळी प्राध्यापकांनी बसल्या बसल्या ताईंच्या दिरावर बोट ठेवलं. "याला सावत्र भावाचा कळवळा येतो. चौथा खंड वाचूनही कळवळा कुणाला येईल? फितुरालाच."

दीर आधी हसला, मग चाचरला. चाचरला म्हणून सगळ्यांची खात्रीच पटली. तासभर सगळे त्याला सोलत होते. शेवटी बिचारा म्हणाला, "हो, मीच गद्दार. सावत्र भावावर अन्याय झालाय, म्हणून केलं." बोलता बोलता त्याने खरोखरच डोळे पुसले. टाळ्या पडल्या.

"माणूस वाचता यायला हवा, ताई," प्राध्यापक कोट चढवत म्हणाले.

ताईंनी सगळ्यांची बटणं डब्यात गोळा केली. दिराचं धरून सगळी पांढरी निघाली.



दारात प्राध्यापक कोटाची बटणं लावत होते, आणि दुपारी ताईंनीच घाईघाईत डब्यातून हाताला लागलं ते टाचून दिलेलं काळं बटण त्यांच्या छातीवर चमकत होतं.