दोन बोटं उत्तरेला

छतावरची अँटेना मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, आतूनच फिरवता येत असे. जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर छताला एक मूठ होती आणि तिच्याभोवतीच्या चकतीवर अँटेनाचं तोंड कुठे आहे ते दाखवणारा बाण. फीनिक्सच्या टीव्ही टॉवरच्या दिशेला वेंडेलने पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. बाण आता त्या खुणेपासून दोन बोटं उत्तरेला होता.

अर्लीनच्या हे लक्षात आलं, तेव्हा वेंडेल दार उघडून आत येत होता.

"काही सांगू नकोस," तो बूट काढत म्हणाला. "कोणी काही बोललं असेल तर पोटात ठेव."

"मी कशाला सांगू? घशाला काय झालं तुझ्या?"

"धूळ. दुपारभर शेजारी लायलच्या गाडीखाली पडलो होतो. पंप काही केल्या धड होईना." त्याचा आवाज चांगलाच बसला होता. मागून त्यांचा कुत्रा निकल आला, टुणकन उडी मारून कोचावरच्या आपल्या कोपऱ्यात बसला आणि शेपूट हलवू लागला.

वेंडेल अमेरिकन फुटबॉलचा सामना कधीच चालू असताना बघत नसे. आकाशातून फुकट येतं त्याला महिन्याचे पैसे कोण देणार, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. अँटेना एकदा घ्यायची, टीव्हीला जोडलेल्या डबीत रेकॉर्ड करून ठेवायचं आणि जेवण झालं की जाहिराती पळवत बघायचं. वाळवंटात मुक्काम ठोकलेल्या साऱ्या मोटरहोमवाल्यांना हे ठाऊक होतं. सामन्याच्या दिवशी वेंडेल दिसला की लोक तोंडावर बोट ठेवून हसत.

आजचा सामना मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाडी विकायची की नाही, हा विषय तीन हिवाळे नुसता पुढे ढकलला जात होता. अर्लीनचे गुडघे आता गाडीच्या पायऱ्यांना दाद देत नव्हते. मिनेसोटात लेकीला, हॉलीला, मुलगी झाली होती आणि ती नात आजीने फक्त फोनवर पाहिली होती. शेवटी वेंडेलनेच हात पुढे केला होता. "आपला संघ जिंकला तर गाडी राहील आणि पुन्हा विषय काढायचा नाही. हरला तर विकू, हॉलीच्या गावी घर घेऊ. कबूल?" अर्लीनने हात मिळवला होता. वेंडेल दिलेला शब्द मोडत नसे.

दुपारी डबीत रेकॉर्डिंग चालू असताना तिने आवाज बंद करून सामना लावला होता. अगदी शेवटी त्यांचा संघ दोन गुणांनी मागे होता, पण पुढे सरकत होता. पडद्याकडे बघता बघता तिचा हात वर गेला आणि मूठ फिरली. चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि पडदा काळा पडला. बाण परत खुणेवर आणायच्या आत शेजारची डोरीन दारात उभी राहिली, "अगं, तुझे कपडे वाळलेत, मशीन मोकळं कर," म्हणत. मुक्कामावरच्या सामायिक मशीनमधून कपडे काढताना डोरीननेच कानात सांगितलं, "जिंकलो! शेवटच्या लाथेवर! वेंडेलला बोलू नकोस हं, जीव घेईल माझा."

म्हणजे आता खोटं बोलायचं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अर्लीनला ते कधी जमलं नव्हतं.

तिने राजमा-मांसाची चिली वाढली, मक्याचा पाव कापला. वेंडेल बाणाच्या बरोबर खाली बसून जेवला. त्याने मान वर केली की ती हातातला चमचा खाली ठेवायची.

"जेवत का नाहीस?" त्याने विचारलं.

"जेवतेय की."

"हरण्याची भीती वाटते की जिंकण्याची?"

"तू आपला मुकाट्याने जेव."

मग त्याने सामना लावला. जाहिराती आल्या की तो पळवायचा. एरवी तो पडद्याशी भांडायचा, पंचांना शिव्या घालायचा, पण आज गप्प होता. घसा बसलाय म्हणून, असं अर्लीनला वाटलं. तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या सामन्याच्या घड्याळाकडे होतं.

मध्येच एकदा त्याने निकलच्या पाठीवर हात ठेवला. "उगी, उगी." पुढच्याच क्षणी त्यांच्या खेळाडूने चेंडू हिसकावला, मैदानभर धावत सुटला आणि प्रेक्षकांचा एकच गलका उठला. असा गलका झाला की निकल भुंकून गाडी डोक्यावर घ्यायचा. आज नुसता गुरगुरला.

शेवटचा भाग आला. दोन गुण मागे. संघ पुढे सरकत होता. अर्लीनने खुर्चीचा हात घट्ट धरला.

चित्र फुटलं. चौकोन झाले. पडदा काळा पडला.

"वाऱ्याने हलली असेल," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"असेल." बाहेर दिव्याच्या उजेडात लायलच्या गाडीवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. वेंडेलने खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

मग तो उठला, टेबलाशी आला. हात वर करून त्याने मूठ हळूहळू फिरवली. बाण पेन्सिलीच्या खुणेवर येऊन थांबला. बोलायचं ते आत्ताच, असं अर्लीनने स्वतःला बजावलं आणि तोंड उघडलं.

"वेंडेल, मला डोरीन म्हणाली की..."

"डोरीनला काय कळतंय सामन्यातलं?" तो तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला. "पंप कसला नि काय, लायलकडे बसून मी शेवटपर्यंत बघितला. ओरडून ओरडून घसा गेला माझा. हरलो आपण, अर्लीन. गाडी विकून टाकू."