केशवरावांची जग्वार

माणसाने वस्तूच्या मोहात पडू नये, अशा ठाम मताचे अमरावतीचे वामनराव वकील सकाळच्या आगगाडीने अकोल्याला उतरले, ते एक जग्वार पाहायला.

जग्वार त्यांच्या मित्राची, केशवरावांची. बाहेरच्या मोटारी देशात येणं सरकारने बंद केलं त्याच्या आधी त्यांनी ती मुंबईहून आणली होती. लांब, बसकी, गर्द हिरवी. उभी असली तरी निघाल्यासारखी वाटायची. तिच्या आतलं लाकूड वामनरावांच्या दिवाणखान्यातल्या लाकडापेक्षा चांगलं होतं, आणि ही गोष्ट वामनराव विसरू शकले नव्हते. केशवराव महिन्यापूर्वी गेले. गाडी मागे राहिली.

"आधी बसू," टांग्यात त्यांनी बायकोला सांगितलं. "दुःखाचे दोन शब्द बोलू. मग मी हळूच गाडीचा विषय काढतो."

"हळूच म्हंजे कसा?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "डोये पुसता पुसता?"

"वहिनींनाही ती विकायचीच असेल. त्यांना काय चालवता येते?"

"तुमाले तरी कुठं येते? आन बसाले गेल्यावर घेन्यादेन्याचं कोनी बोलते का? निंगताना 'येतो' म्हनू नका, सांगून ठेवतो. मयताच्या घरी म्हनत नाहीत."

ही अडचण वामनरावांच्या ध्यानात आली नव्हती. 'येतो' म्हणायचं नाही, तर भाव ठरवायला परत यायचं कोणत्या तोंडाने? कोर्टात असा मुद्दा निघाला असता तर त्यांनी पुढची तारीख मागितली असती.

केशवरावांच्या पत्नी गोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. या दोघांना पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. वामनरावांनी ठरवून आणलेले दोन शब्द उच्चारले. आणखी दोन आपोआप आले. मग शब्द संपले आणि खिडकीतून मागच्या अंगणातलं पत्र्याचं गॅरेज दिसायला लागलं. दाराला कुलूप होतं.

"तेरवीपासून लोकं येऊनच राहिले, भाऊजी," गोदाबाई म्हणाल्या. "येतात, चहा पेतात, आन इचारतात, गाडीचं काय करता. काल ते तेलाच्या मिलवाले सूर्यभान आले. ते तर बसले बी नाही. उभ्या उभ्याच इचारलं. मी सांगतलं, कुलपाची चाबी सापडत नाही. सगळ्यायले तेच सांगतो." त्यांनी पदर सारखा केला. "नुसतं बसाले आले असे तुमीच पयले."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सतरंजीच्या पट्ट्या पाहत होता.

"गाडी मात्र चांगली," वामनराव शेवटी म्हणाले. बसायला आलेल्या कोणत्याही माणसाने एवढं म्हटलं असतं, असं त्यांना वाटलं.

"तुमाले चिखलदऱ्याले न्यायचं होतं त्याईले. गाडी आनली त्या दिसापासून एकच. वामन आला का निंगू. कालेजात असताना म्हने तुमी दोघं सायकलीवर निंगाले होते, आन परतवाड्यातूनच वापस आले."

"घाट पाहून घाबरलो," वामनराव म्हणाले. "तो नव्हता घाबरला. माझ्यामुळे परतला."

"दर उन्हाळ्यात निरोप धाडत होते तुमाले."

"कोर्टाचं काम असायचं."

उन्हाळ्यात कोर्टाला सुटी असते, हे वकिलाच्या मित्राच्या बायकोला माहीत होतं. त्यांनी आत चहा सांगितला. केशवराव चालवताहेत आणि आपण शेजारी बसलो आहोत, हे चित्र वामनरावांना दर उन्हाळ्यात दिसायचं. दर उन्हाळ्यात ते नाही म्हणायचे. आज टांग्यातून येताना पहिल्यांदा त्यांनी चित्रातल्या जागा बदलून पाहिल्या होत्या. शेजारची जागा रिकामी होती.

चहा आला, संपला. वामनराव उठले, हात जोडले आणि 'येतो' म्हणाले नाहीत. आठवण करून द्यावी लागली नाही.

"थांबा, भाऊजी." गोदाबाईंनी कमरेची चाबी काढली. "तुमाले दाखवतो. दुसऱ्या कोनाले नाही दाखवली. तुमचा हक्क हाये."

गॅरेजचं दार ओढताना पत्रा करकरला. गाडी तशीच होती. हिरवी, बसकी, निघाल्यासारखी. धूळसुद्धा तिच्यावर शोभत होती. वामनरावांनी मागचं दार उघडून आतलं लाकूड पाहिलं. मग पुढे येऊन बॉनेटवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"उघडा न," गोदाबाई म्हणाल्या.

त्यांनी झाकण उचललं. खाली गॅरेजची जमीन दिसत होती.

"इंजिन?" वामनरावांनी विचारलं. आवाज वकिलाचा नव्हता.

"काढलं त्याईनं. दोन वर्सं झाले. म्हने, वामन काही येत नाही, एकटा कुठं हिंडू. वरूडच्या बगीच्यात नेऊन विहिरीवर बसवलं."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. वामनरावांनी झाकण खाली घेतलं. ते पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा उचलून बसवलं.

"पानी चांगलं देते," गोदाबाई म्हणाल्या. "संत्र्यायले पुरते."