जिवाला हाक

पिनच्या आईने मासे धरायचं हातजाळं खांद्यावर टाकलं, धाकट्या तोयला कडेवर घेतलं आणि नदीची वाट धरली. मागून पिन, एका हातात उकडलेलं अंडं, दुसऱ्या हातात चिकट भाताचा गोळा. सात वर्षांच्या पोरीच्या हातात अंडं दिलंय आणि ते अजून अख्खं आहे, म्हणजे काम किती महत्त्वाचं ते तुम्हीच समजा.

काल तोय बांबूच्या साकवावरून पाण्यात पडली होती. आईने नेसत्या कपड्यांनिशी उडी घेतली आणि तिला वर काढलं. कुठे खरचटलंसुद्धा नाही. पण एरवी कोंबड्यांशीही भांडणारी ही चार वर्षांची चिमुरडी तेव्हापासून गप्प. बोलली नाही, की भाताचं शीत तोंडात घातलं नाही. नुसती टक लावून बसलेली. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं: धसका घेतलाय, जीव पाण्यातच राहिला. वाहत वाहत मोठ्या मेकाँग नदीला पोचायच्या आत गाठायला हवा. आणि पोरीचा जीव आणायला आईशिवाय कोण जाणार?

"आई, जाळ्याच्या भोकातून निसटला तर?"

"म्हणून तर बारीक विणीचं आणलंय."

"आणि चुकून बेडकाचा जीव आला तर?"

"तर तोय घरात डराव डराव करेल. चल, पाय उचल."

काठावर आईने तोयला चादरीत गुंडाळून बसवलं. जिवाला ओळख पटावी म्हणून जाळ्यात तिचा झगा ठेवला, त्याला भूक लागली असेल म्हणून त्यावर अंडं, त्यावर भात. मग ती गुडघाभर पाण्यात उतरली. कालच्या त्याच पाण्यात. बाई खमकी खरी, मला तर तिचं फार कौतुक वाटतं. पाण्याला लागेल न लागेल असं जाळं फिरवत ती हाका मारू लागली.

"ये रे तोयच्या जिवा, ये. पाण्यात राहू नको, पाणी गार आहे. दगडाखाली लपू नको, तिथे खेकडे आहेत. घरी चूल पेटलीय. ताई वाट बघतेय."

"ताई मारणार नाही म्हणून सांग," पिन काठावरून म्हणाली.

"ताई मारणार नाही."

"फार नाही मारणार, असं सांग. खोटं बोललं तर यायचा नाही तो."

थोडं वरच्या अंगाला कपडे धूत बसलेल्या बुनमी आजी खो खो हसल्या. "अगं पिनच्या आई, जरा मोठ्यांदा! घाबरलेल्या जिवाला कुजबुज ऐकू जाते होय?"

आईने मोठ्यांदा हाका मारल्या. जाळ्यावर फडकं झाकून ती वर आली आणि आलेला जीव पुन्हा निसटू नये म्हणून तोयच्या मनगटाला पांढरा दोरा बांधू लागली. गाठ बसेना. दोरा दोनदा हातातून निसटला.

"आला ना गं जीव? सांग ना, आला ना?"

तोय पाण्याकडे बघत राहिली. आता पुढे काय करायचं ते आईला माहीत नव्हतं.

पिन आईच्या हातांकडे बघत होती. "आई, तुझाही जीव इथेच राहिलाय."

"माझा कशाला राहील? मी काय पडले होते? मी उडी मारली."

"पाण्याला काय कळतंय! कालपासून तू मला तोयच म्हणतेस. सकाळी तांदूळ न घालताच चूल पेटवलीस. आण ते जाळं इकडे."

आईने जाळं दिलं. पिनने ते दोन्ही हातांनी धरलं, हाक मारायला तोंड उघडलं आणि अडली.

"नाव काय घेऊ?"

"आईच्या जिवा, असं म्हण."

"छे! तसं म्हटलं तर गावातल्या सगळ्या आयांचे जीव धावत येतील. त्यांना ठेवू कुठे?"

बुनमी आजींचा कपडे आपटणारा हात थांबला. पोरीचं काय चुकलं? ती जन्मल्या दिवसापासून घरीदारी, बाजारात, देवळात ही बाई म्हणजे पिनची आई. नवराही तशीच हाक मारतो. आमच्याकडे असंच चालतं, कुणाला त्यात काही वाटत नाही.

"आई, तुझं नाव काय आहे?"

आई लाजून, हळूच म्हणाली, "सेंगदाव."

"अय्या, किती छान! मग लपवून का ठेवलंस?"

"मोठ्यांदा सांग गं," आजी ओरडल्या, "आम्हालाही कान भरून ऐकू दे!"

पिन घोटाभर पाण्यात उतरली. आईने मागून तिचा झगा गच्च धरून ठेवला. जाळं पोरीपेक्षा मोठं, वाऱ्याने भलतीकडेच जात होतं, पण आवाज खणखणीत.

"सेंगदाव! ए सेंगदाव! पाण्यात राहू नको. घरी चल. तोयला वेणी घालता येत नाही, मलाही नीट येत नाही. तुला कुणी मारणार नाही, अगदी खरं सांगते. ये गं सेंगदाव!"

आईला हसू येत होतं आणि डोळे भरून वाहत होते. पिनने पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली.

तेवढ्यात मागच्या चादरीतून एक घोगरा, चिडका आवाज आला.

"आई, ओ दे ना! ताई कधीची बोलावतेय तुला!"

"आले गं," सेंगदाव म्हणाली. "आले, आले."