दोन साड्या आणि एक शर्ट

निरवांगीच्या सिंधुबाई घरात एकट्याच राहायच्या. त्या आपल्या दोन साड्या वॉशिंग मशीनमध्ये टाकायच्या. कपडे पिळायची वेळ आली की मशीन घरघर करून थांबायचं, आणि झाकण उघडलं की साड्यांच्या पिळ्यात पुरुषाचा एक निळा शर्ट निघायचा.

पहिल्यांदा त्या घाबरल्या. पण दर धुण्याला तसाच शर्ट निघू लागला, तेव्हा त्या तो वाळत घालून, घडी करून कपाटात ठेवू लागल्या. दोरीवर पुरुषाचा कपडा हलताना दिसला की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. हे त्या कुणालाच बोलल्या नाहीत.

मशीन फिरत नाही, एवढंच फोनवर मुलाला सांगितलं. त्यानं इंदापूरहून मेकॅनिक पाठवला.

दारात उभ्या असलेल्या मेकॅनिक युवराजच्या अंगात निळा शर्ट होता. बाहीवर जळल्याचा डाग होता.

"ह्यो डाग कसला रं?" सिंधुबाईंनी विचारलं.

"आज सकाळीच चटका बसला, मावशी. दुकानात सोल्डरिंग करताना."

सिंधुबाईंनी कपाट उघडलं. आत सात निळे शर्ट होते. सातही शर्टांच्या बाहीवर तोच डाग होता.

युवराजनं आपली बाही एका शर्टाशेजारी धरून पाहिली.

"मावशी, हे शर्ट कुणाचे?"

"ठावं न्हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "पर आता आलायस तर जाऊ नगंस."

युवराज दाराकडं सरकला. तेवढ्यात मशीन सुरळीत, भरभर फिरू लागलं. युवराजनं अजून मशीनला हातही लावला नव्हता.