तिसरी कानस

"आधी हिरडी बघायची, मग कानस उचलायची. हिरडी दुखरी असली तर माघारी पाठव. आणि जिला माघारी पाठवशील तिला एकटीला सोडू नकोस. स्वतः दवाखान्यात घेऊन जा."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तरी दात कानसण्याच्या विधीच्या सकाळी उकळत्या पाण्यातून कानशी काढताना सुकेर्तीला हा आवाज ऐकू येतोच. शेवटच्या आजारात त्यांनी तिच्याकडून तसं वचनच घेतलं होतं.

आज दर्सनाच्या अंगणात वयात आलेली पाच मुलं दात कानसून घ्यायला जमली होती. वरचे सहा दात, सहा रिपू. प्रत्येकावर कानशीचे दोन-चार हात फिरले की माणूस माणसांत आला. दोघांचं झालं. तिसरी यजमान दर्सनाची लेक सेकार. पिवळ्या रेशमात, सोनफुलांच्या मुकुटात ती उशीवर आडवी झाली. जबडा उघडा राहावा म्हणून सुकेर्तीने तिच्या दाढांमध्ये उसाचं कांडं दिलं. रस हिरडीला लागला मात्र, पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सुकेर्तीने तिचा ओठ वर केला. हिरड्या भाजून, उकडलेल्या अंड्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, कडेने साल सुटलं होतं.

"काय लावलंस, बाळ?"

सेकारने आत्याकडे बघितलं. आत्या, म्हणजे दर्सनाची बहीण रस्मिनी, हातात फोन धरून सगळ्याचं चित्रण करत होती. दात उजळायची जेल ती घरोघर विकते, हे साऱ्या गावाला ठाऊक. पंधरा मिनिटं लावायची जेल पोरगी फोटोसाठी रात्रभर लावून झोपली, यात आपला काय दोष, असं तिचं म्हणणं. सुकेर्तीने नळी मागून घेतली, उलटीसुलटी केली. औषध किती कडक, लिहिलेलं नाही. कोणी बनवलं, तेही नाही. एक हसरा चेहरा तेवढा छापलेला.

दर वर्षी नवी नळी, दर वर्षी तेच. सांगून सांगून तिची जीभ झिजली होती.

"सरकारी नोंदणीचा नंबर कुठे आहे, रस्मिनी?"

"नंबर काय दातांना लावायचाय? तुझ्या कानशीवर आहे का नंबर?"

दोघे-तिघे हसले. सुकेर्तीने आवाज चढवला नाही.

"कानस प्रत्येकाला वेगळी, आणि उकळलेली. माझ्या लेकाचेही दात मी असेच कानसले. तू लावलीस ही जेल, स्वतःच्या दातांना?"

रस्मिनीने ओठ मिटून घेतले. तिचे दात कॉफीने पिवळे होते ते पिवळेच होते.

दर्सना मात्र पुढे येऊन गुडघ्यांवर बसला. उद्या पहाटे त्याला जहाजावर कामाला निघायचं होतं, ते दहा महिन्यांसाठी. म्हणून तर पुरोहितांकडून आजचा दिवस मागून घेतला होता. लेकीचे दात कानसून घेणं हे बापाचं ऋण. समुद्राचा काय भरवसा. नुसता एकेक हात फिरव, तेवढ्याने भागेल, असं तो हळू आवाजात विनवत राहिला.

"उघड्या जखमेवर कानस धरू? देवासमोर?"

दर्सनाने वाकून लेकीच्या हिरड्या बघितल्या.

"तू परत आलास की करू. तुझ्याच समोर."

तिसरी कानस तिने पिवळ्या फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात दिली. तो ती देवघरात ठेवून आला. येताना लेकीच्या तोंडातलं उसाचं कांडं त्याने स्वतःच काढून घेतलं.

उरलेल्या दोघांच्या हिरड्या बघून सुकेर्तीने त्यांचंही उरकलं. पानं मांडली गेली, भात आला. एवढ्या उन्हात कुठे निघालीस, जेवून तरी जा, असं सगळे म्हणत होते. तिने हात जोडले. नैवेद्याच्या एका रिकाम्या परडीत डॉक्टरांना दाखवायला ती हसरी नळी ठेवली, परडी सेकारच्या मांडीवर दिली आणि तिला मागे बसवून स्कूटर सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला घातली. मुकुट काढायला कोणाला सुचलंच नव्हतं. वळणापर्यंत सोनफुलं थरथरताना दिसत होती.